पौर्णिमा आणि बियाण्याचा दोडका

माझी धाकटी जाऊ पौर्णिमा दातांच्या कॉलेजात संशोधन करते. दातात भरलेला मसाला किती वर्षं टिकेल, हे तिचं काम. सुटीच्या दिवशी परवानगी काढून तिथल्याच मशीनवर ती माझ्या स्वयंपाकघराचे एक्स-रे काढते. भाजीचं कारलं सकाळी जातं, संध्याकाळी सुकून परत येतं. करंज्या केल्या की दोन कमी. म्हणे कोणत्या करंजीत सारण कमी ते दिसतं. मला मशीनशिवाय ठाऊक असतं. त्या तिने भरलेल्या असतात.

फोटो सुंदर असतात, नाही कशाला म्हणू. देवाला आणलेल्या कमळाच्या पाकळ्या त्यात धुरासारख्या दिसतात.

यंदा मात्र हद्द झाली. आमच्या सासूबाई लग्न होऊन पवनारहून नालवाडीला आल्या, तेव्हा आईकडचं दोडक्याचं बी पदराच्या गाठीत घेऊन आल्या. दरवर्षी एक दोडका वेलीवरच वाळवून बियाण्यासाठी टांगायचा. यंदा माकडांनी वेल ओरबाडली, तेवढा एकच वाचला. तो खुंटीवरून गेला.

"दोडका कुठी गेला वं?" सासूबाईंनी विचारलं.

संध्याकाळी पौर्णिमाने तो पर्समधून काढला. "ताई, आतली जाळी काय सुरेख आलीय."

"बी जळलं त्याचं. फेकून दे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, एवढ्यानं काही होत नाही. तुमच्या दातांचाही काढलाच होता ना?"

"अन् राह्यला का एक तरी?"

पौर्णिमाने दोडका परत खुंटीला टांगला. पेरणीची वेळ आली तरी सासूबाई बियाण्याला हात लावेनात. आईचं बी आपल्या घरात संपलं, एवढंच पुटपुटायच्या. मी दोघींमध्ये पोळ्या लाटत होते.

शेवटी पौर्णिमाने छोटे छोटे एक्स-रे जोडून अख्खा दोडका कागदावर छापून आणला. "हे पांढरंशुभ्र दिसतं ते भरलेलं बी. फिकट आहे ते पोकळ, ते आधीपासूनच तसं."

सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "माह्या तोंडात एक नाई, अन् याच्या पोटात पाहा कशी बत्तिशी." मग एका पांढऱ्या बियेवर बोट ठेवलं. "हे भरलेलं हाय ना? लाव मंग. नाई उगवलं त् तुले पाहतो."

उगवलं. वेल कुंपणावर चढली, पहिला दोडका धरला. सासूबाईंनी त्याला लाल चिंधी बांधली. बियाण्याचा आहे, कोणी हात लावायचा नाही.

परवा पौर्णिमा त्याच्यापाशी उभी. "ताई, कोवळा असताना आतून कसा दिसत असेल हो?"

मी काही बोलायच्या आत पायरीवरून सासूबाई म्हणाल्या, "तोडू नको. मशिनीलेच इथं घेऊन येजो."

आता ते मशीन ठेवायचं कुठे, हेही मलाच पाहावं लागणार.