सुलूच्या सँडलचं बक्कल

काल घरी सुतार सँडपेपर घासत होता. ती खरखर ऐकली आणि मला पार्ल्यातली आमची मॉन्टेसरी शाळा आठवली. ऐंशीच्या दशकात मी तिथे शिकवायचे. त्या सकाळी खारदांड्याची चार वर्षांची सुलू पाटीवर चिकटवलेल्या सँडपेपरच्या ‘म’ अक्षरावरून दोन बोटं हळूहळू फिरवत बसली होती. तेवढ्यात तिचे वडील दारात आले.

“बाई, शाळेतून नाव काढतो तिचं. वर्ष झालं, नुसती खेळतेय. इंग्लिश शाळेत इंटरव्ह्यूला एबीसीडी विचारतात.”

“तिचे हात लिहायला तयार होतायत हो. थोडं थांबा ना.”

“थांबलो तर ॲडमिशन तुम्ही देणार काय?”

सुलू सँडलमध्ये पाय सरकवून दाराशी आली. ते वाकून तिच्या सँडलचा पट्टा लावायला गेले, तर तिने त्यांचा हात बाजूला सारला आणि जीभ दातांत धरून, चुकत चुकत, स्वतःच बक्कल लावलं.

“हे कधी शिकली?”

“इथेच,” मी म्हणाले.

मला वाटलं, आता थांबतील. ते काही बोलायला गेले, दारातच क्षणभर थबकले, मग तिला उचलून निघून गेले.

पुढे बरीच वर्षं मला त्यांचा राग यायचा. आता आठवतं ते त्यांचं दारातलं क्षणभर थबकणं. काय करावं, हे त्यांनाही कळत नव्हतं.