विहीर कोरडी, मोटार चालू

"हे काय लिहिलंय? शेतकी प्रदर्शनाची जाहिरात?"

डॉक्टरांनी माझी नोंद बैठकीत सगळ्यांसमोर वाचली. 'विहिरीत पाणी न्हाय आन् डोक्यात मोटार चालूच हाय.' आवाज मुद्दाम हेल काढून. टेबलाभोवतीचे चौघे हसले. मग त्यांनी लाल पेनानं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं : निद्रानाश, चिंता.

"तुम्ही अंथुर्ण्याच्या ना, बाई? वस्तीवरची बोली वस्तीवर ठेवायची. हे हॉस्पिटल आहे."

वस्ती. कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्या टेबलावरची बुद्धाची मूर्ती ते रोज बघत होते.

बारामतीतल्या त्या खासगी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. वाक्य निरवांगीहून येणाऱ्या एका बाईचं होतं. ऐकल्याबरोबर मी ते जसंच्या तसं उतरवलं होतं. कारण महिन्याभरापूर्वी याच डॉक्टरांनी आम्हाला प्रशिक्षणात चिनी समुपदेशनातले संवाद वाचायला दिले होते, भाषांतर केलेले. त्यात एक पेशंट म्हणतो, मनावर धोंडा आहे. समुपदेशक त्याला आजाराचं नाव देत नाही. विचारतो, केवढा आहे? कधीपासून? कुणी ठेवला? डॉक्टर खूश होऊन म्हणाले होते, "बघा, रूपक कसं सोडलं नाही!"

चीनचा धोंडा शास्त्र. निरवांगीची मोटार विनोद.

आणि मी? नोंद खोडली तेव्हा मी म्हटलं, "हो सर."

पुढच्या भेटीत ती बाई खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "ताई, मोटार लई..."

मी तिला थांबवलं. "मोटार नको. चिंता किती वाटते, एक ते दहा, आकडा सांगा."

तिनं पदर तोंडावर धरला. "चुकलं ताई. आमाला न्हाय नीट बोलता येत."

हे वाक्य माझं होतं. चौथीत, फळ्यासमोर उभं राहून मी हेच म्हटलं होतं, तेव्हाही वर्ग हसत होता. आता मी तेच दुसऱ्या बाईच्या तोंडून वदवून घेतलं. लाल पेन माझ्या हातात आलं होतं.

आकड्यांचा फॉर्म मी पालथा ठेवला. "ऱ्हाऊ द्या आकडा. पाणी न्हाय तर मोटार बंद का करत न्हाय?"

तिनं पदर जरा खाली घेतला. "आटो बसवलाय की. लाईट आली की आपआप चालू व्हती. बटान दाबाय लागत न्हाय."

"आन् हितं, डोक्यात, लाईट कवा येती?"

तिनं मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाली, "दिराची फटफटी एमआयडीसीतनं माघारी येती तवा." पदर नाकाशी नेत पुढं म्हणाली, "मोटार जळाय लागली की वास येतो, ताई. मलाच येतो. घरात दुसऱ्या कुनाला येत न्हाय."

पुढचं इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे. दोन वर्षं तिच्या गोळ्या बदलल्या; फटफटीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा विचारणार नव्हते.

पुढच्या बैठकीत मी तिची परवानगी घेऊन तेच वाक्य पुन्हा वाचलं. सावकाश, तिच्या बोलीत. कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी कागदासाठी हात पुढं केला, दुसऱ्या हातात लाल पेन. मी कागद सोडला नाही.

"हे तिचं वाक्य आहे, सर. खोडायचं तर तिला निरवांगीहून बोलावते. तिच्यासमोर खोडा."

"फार बोलायला लागलात, बाई."

"व्हय."

ठरवून म्हटलं नाही. तोंडात तेच आलं. चौथीनंतर चारचौघांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी मेमो आला. वर्तणूक सुधारा, असा. मी तो फाइलला लावला आणि कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. प्रत्येकावर सगळ्यात वर पट्टीनं एक रेघ मारली. ती ओळ पेशंटची, त्याच्या बोलीत. आजाराचं नाव खाली. खोडलं तर पुन्हा लिहीन. मेमो येऊ देत.

शुक्रवारी निरवांगीची बाई परत येणार आहे. काम एकच : मोटारीचा तो ऑटो काढायचा.