डाव्या हाताचा मुर्दा

निजामुद्दीन कल्हईवाल्याला भुतांचा कंटाळा आला होता.

कापूस घराघरांतून निघून गेला, शेतं उघडी पडली, की मानोऱ्याच्या बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागायचा. अकोल्याला म्हणे सिनेमातली माणसं बोलायला लागली होती. मानोऱ्यात ती अजून मुकीच येत. हात हलवत, डोळे वटारत, तोंड उघडत आणि मिटत. निजामुद्दीन नवा सिनेमा पहिल्याच दिवशी पाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरचंद शेठच्या किराणा दुकानासमोर आपली भट्टी पेटवून बसला, की लोक त्याला विचारत. तो चांगला म्हणाला तर संध्याकाळी तंबू भरे. तो चांगला फार क्वचित म्हणे.

सिनेमात भूत धुरातून निघतं, याच्यावर त्याचा मुळीच विश्वास नव्हता. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकत तो म्हणायचा, "हा पाहा धूर. तोच हाये. मी रोज काढतो. एक भूत निघालं नाई आजपावतर. खोकलाच निघते."

एका सिनेमात कुणी डॉक्टर लोखंडाचा माणूस घडवतो आणि तो माणूस गावभर माणसं मारत फिरतो. निजामुद्दीन म्हणाला, "एक पावसाळा बाहीर ठेवा त्याले. मंग पाहू कोनाले मारते." एकात चार लोक तोफेच्या गोळ्यात बसून चंद्रावर गेले. "गेले. तिथी जाऊन भांडले. इतक्या दूर जाऊन भांडाचंच हाये तं मानोऱ्यानं काय घोडं मारलं?" एकात दवा पिऊन माणूस दिसेनासा होतो. यावर तो भाता ओढत म्हणाला, "त्याच्यात काय नवल? मी इतके वर्स इथी बसतो. मले तरी कोन पायते?"

कस्तुरचंद शेठ दिवस मावळायच्या आत जेवून घेत, त्यामुळे तंबूत त्यांना पुढची जागा मिळायची. ते चिडवायचे, "निजामभाई, एक बी शिनेमा तुमाले आवडत नाई. मंग जाता कायले?"

"अंधारात बसलं की खोकला कमी येते, शेठ."

"मंग घरातला कंदील इझवा नं!"

"घरात अंधार केला का बायको बोलते."

त्या वर्षी तंबू पोहरादेवीच्या यात्रेला जायच्या आधी शेवटचा म्हणून एक सिनेमा आला. लग्नानंतर लगेच मेलेला एक जावई रोज संध्याकाळी सासुरवाडीला जेवायला येतो. सासू वाढते. घरचे सगळे हात मांडीवर ठेवून बसून राहतात, कुणी घास उचलत नाही. तो एकटाच जेवतो. एवढंच. निजामुद्दीननं निकाल दिला, "भेवासारखं काईच नाई. मुर्दा जावाई जेवाले येते. जिते बी येतातच की."

आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "शाहजादीले घेऊन जाय. पोरगी कईची हासली नाई. पाहून येऊ दे."

शाहजादी त्याची एकुलती मुलगी. तिचं सासर मानोऱ्यातच, दोन गल्ल्या सोडून. नवरा जमशेद कारंज्याच्या सरकी काढायच्या जिनात कामाला होता. मागच्या हंगामात रुईबरोबर त्याचा उजवा हात यंत्रात गेला आणि मनगटापासून तुटला. तेव्हापासून तो घरीच होता. डाव्या हातानं खायचा. शैतान डाव्या हातानं खातो, हे त्या घरात लहानपणापासून सगळ्यांना सांगितलेलं. त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. तोच भिंतीकडे तोंड करून जेवायला बसायचा.

सिनेमा पाहून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी शाहजादी कपड्यांचं गाठोडं घेऊन माहेरी आली. "त्या घरात माह्या गळ्याखाली घास उतरत नाई," एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

थोड्या दिवसांत जमशेदच्या आईचा निरोप आला. हात गेला म्हणून बायको सोडून गेली, असं साऱ्या मोहल्ल्यात झालं आहे. पोरगं बाहेर निघत नाही. यायचं असेल तर तिनं यावं. नसेल तर साफ सांगा, आम्ही काझीला बोलावतो.

निजामुद्दीन त्या दिवशी भट्टी लवकर विझवून घरी आला. शाहजादी अंगणात ज्वारी निवडत होती. अमिरुन्निसा, तिची आई, चुलीजवळ होती.

"काय झालं, सांगशील का?" तो म्हणाला. "मारलं त्यानं?"

"नाई."

"सासू बोलली?"

"नाई अब्बा." तिनं सूप खाली ठेवलं. "तो मुर्दा डाव्या हातानं खाते."

"कोन्ता मुर्दा?"

"शिनेमातला. बाकी कोनीच खात नाई. तो एकटा खाते, डाव्या हातानं. घरी आली, यायले वाढलं, यायनं डावा हात थाळीत घातला अन् मले..." ती थांबली. "मले तोच दिसला."

निजामुद्दीनला हायसं वाटलं. भांड्याला पडलेलं भोक सापडावं तसं. "येडी झाली तू? तो उजव्या हातानं जेवते. मी सोता पाह्यला."

"डाव्या."

"उजव्या! मी पुढंच बसलो होतो."

"डाव्याच हातानं," चुलीजवळून अमिरुन्निसा म्हणाली. "मी बी पाह्यलं. अन् त्याच्यात भेवाचं काय हाये, मी तेच सांगून राह्यली हिले. शिनेमातले लोक सारेच डावरे रायतात. शिपाई डाव्या हातानं सलाम करते, न्हावी डाव्या हातानं हजामत करते. सायबायच्या मुलकातले असतीन. तुमाले ठाव नाई?"

निजामुद्दीन तिच्याकडे पाहत राहिला.

तंबूच्या मधोमध पडदा असायचा. पुरुष पुढे बसत, बायका मागे. देवला नावाचा तांड्यावरचा गडी खेळ सुरू व्हायच्या आधी बादलीनं पाणी मारून पडदा ओला करायचा, म्हणजे चित्र कापडातून पार जाई आणि मागच्या बाजूलाही दिसे. लग्न झाल्यापासून निजामुद्दीन आणि अमिरुन्निसा दर वर्षी असेच एका ओल्या कापडाच्या दोन बाजूंना बसत आले होते. एकच सिनेमा, एकाच वेळी. बाजारात त्यानं हजारदा मत दिलं असेल. घरी येऊन, तुला काय दिसलं, हे मात्र त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं. सिनेमातली माणसं डावरी असतात, ही गावातल्या बायकांना माहीत असलेली साधी गोष्ट होती. पुरुषांना सांगावं असं तिच्यात काही नव्हतं.

त्यानं अंगातला सदरा काढला. "हा खिसा कोन्त्या बाजूले हाये?"

"डाव्या," शाहजादी म्हणाली.

त्यानं सदरा उलटा केला आणि पुन्हा घातला. शिवणी बाहेर आल्या, खिसा आत आणि उजवीकडे गेला. "आता?"

शाहजादी पाहत राहिली.

"तुमी मांगून पायता. उलटा सदरा पायता तुमी. तो उजव्याच हातानं खाते, बेटा. सारेच उजवे हायेत."

"या अल्ला," अमिरुन्निसा म्हणाली आणि हसू लागली. "इतके वर्स!"

शाहजादी हसली नाही. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "समजलं अब्बा. पन मले तो तसाच दिसला ना. समजून काय होते?"

उलटा सदरा तसाच अंगात ठेवून तो बाहेर पडला आणि जमशेदकडे गेला.

जमशेद पडवीत भिंतीशी बसला होता. मनगटावर फडकं गुंडाळलेलं. निजामुद्दीननं सगळं सांगितलं. पडदा, पाणी, मुर्दा, हात.

जमशेदनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामू, सदरा उलटा घातला तुमी."

"ठाव हाये मले."

"तिनं बरोबरच पाह्यलं. मी मुर्दाच होऊन राह्यलो. सासुरवाडीले तेवढा येत नाई जेवाले."

"येत जाय मंग. कोनी नाई मन्लं?"

निजामुद्दीन त्याच्या शेजारी बसला. त्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबायला वेळ लागला. समजुतीचं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. तो सिनेमाबद्दलच बोलू शकत होता.

"आज तंबूचा शेवटचा खेळ हाये. चाल."

"मले कायले? तुमीच मन्लं ना बाजारात, काईच नाई त्या शिनेमात."

"पुढून पाह्यला होता मी. चाल, मांगून पाहू."

शेवटच्या दिवशी गर्दी नव्हती. तरी बायकांच्या बाजूला दोन पुरुष म्हटल्यावर देवलानं बादली खाली ठेवली. "निजामचाचा, बुढापा आला तं काईबी करता का? मले माराले लावसान."

"आमी पार मांगं बसतो. कनातीले टेकून."

"बायाले इचारा. मी कोन?"

बायांमध्ये अमिरुन्निसा होती. ती शाहजादीला हाताला धरून घेऊन आली होती. मुर्दा पुन्हा एकदा डोळे भरून पाहिला की भीती जाते, असं तिचं म्हणणं. अंधारात कोण दोघं उभे आहेत ते तिनं खोकल्यावरून ओळखलं. मुलीला काही सांगितलं नाही. "बसू द्या वं," ती बाकीच्यांना म्हणाली. "म्हातारा हाये, बिमार हाये. काय पायनार हाये आपल्याले?"

देवलानं पडदा भिजवला. मागच्या बाजूला पाणी ठिबकत होतं, मातीचा वास येत होता. मग दिवा लागला, आणि कापडावर एक घर उगवलं.

निजामुद्दीननं हाच सिनेमा पाहिला होता, आणि हा तो नव्हता. दार भलत्याच बाजूला होतं. वरात उलटीकडून आली. पोस्टमननं डाव्या हातानं पत्र दिलं. भटजीनं डाव्या हातानं अक्षता टाकल्या. सासऱ्यानं डावा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला. सारं जग सवयीनं, कसलीही लाज न वाटता, डाव्या हातानं चाललं होतं. त्याच्या पाठीतून थंड काहीतरी गेलं. इतक्या वर्षांत कुठल्या भुतानं त्याला असं केलं नव्हतं.

शेजारी जमशेद पुढे झुकून बसला होता. पडद्यावरच्या न्हाव्यानं डाव्या हातात वस्तरा घेतला तेव्हा त्याच्या घशातून आवाज आला. निजामुद्दीनला वाटलं, रडतो आहे.

"मामू," जमशेद कुजबुजला. "हे तं सारेच माह्यावानी हायेत!"

तो हसत होता.

मग ती पंगत आली. घरचे हात मांडीवर ठेवून बसले. सासूनं डाव्या हातानं भात वाढला. बायकांची कुजबुज थांबली. पुढे, पडद्याजवळ, शाहजादीनं ओढणी तोंडावर ओढली. मेलेला जावई पाटावर बसला, त्यानं डावा हात ताटात घातला, घास उचलला, आणि नेमके चार दाणे त्याच्या हनुवटीवरून खाली सांडले.

"अबे सावकास खाय!" मागच्या अंधारातून जमशेद मोठ्यानं म्हणाला. "डाव्या हातानं सांडतेच. मले इचार!"

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग एक बाई फिसकन हसली, आणि मागोमाग सगळ्याच. पडद्याच्या पलीकडे, जिथे भिण्याची वेळ होती, पुरुष ओरडायला लागले, काय झालं वं, काय झालं. कस्तुरचंद शेठचा आवाज त्यांत सगळ्यात मोठा होता.

शाहजादी हसली नाही. तिनं वळूनही पाहिलं नाही. आवाज तिनं ओळखला होता. ओढणी तिच्या तोंडावरून खाली आली होती आणि ती पडद्यावरच्या त्या मुर्द्याकडे पाहत होती. तो घास उचलत होता, सांडत होता, पुन्हा उचलत होता. मागून निजामुद्दीनला फक्त तिचे खांदे दिसत होते. ते हलत होते. काय म्हणून, ते मागून सांगता येत नव्हतं.

घरी परतताना शाहजादी पुढे चालली होती. जमशेद आपल्या गल्लीला वळून गेला होता. निजामुद्दीननं बायकोला विचारलं, "तुले कसा वाटला शिनेमा?"

अमिरुन्निसा म्हणाली, "आता कायले इचारता? तंबू उठला."

दुसऱ्या दिवशी मैदानात नुसते खुंटे उपटल्याचे खड्डे होते. शेठनी दुकानातूनच हाक मारली, "निजामभाई, बायात जाऊन बसले मने तुमी! काय पाह्यलं?"

"शिनेमा."

"तो तं तुमी पाह्यला होता. काईच नाई मने त्याच्यात."

"पुढून नाईच काई," निजामुद्दीन म्हणाला. "मांगून भेव वाटते."

शेठ हसले. तो हसला नाही. त्याला थकवा आला होता, झोपेनं जात नाही तसला.

उन्हं चढल्यावर शाहजादी आली. सकाळीच ती गाठोडं घेऊन सासरी गेली होती. आता तिच्या हातात एक मोठी, काळी पडलेली थाळी होती. दोघांनी मिळून जेवायची, लग्नात दिलेली. हात गेल्यापासून ती वापरात नसावी, कडेला हिरवट कळंक चढला होता.

"ही पैले करा अब्बा. दुपारी लागते."

त्यानं थाळी हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. "गेलं भेव?"

"नाई." ती भट्टीकडे पाहत उभी राहिली. "कुठी जाते? पन सांडते ते त्यायच्या हातून. खरंच सांडते. त्या सांडलेल्याकडे पाह्यलं का भेव थोडं कमी वाटते."

"बस सावलीत," तो म्हणाला.

त्यानं थाळी निखाऱ्यांवर धरली, नवसागर टाकला. पांढरा धूर उठला, दोघांच्या मध्ये उभा राहिला, आणि त्याला खोकला आला.