आपटे मॅडमचे पार्शल आणि सुमेधचं प्रोबेशन

आमच्या ऑफिसात कोड जुना झाला की डिलीट होतो, किस्से मात्र साठतच जातात. स्वारगेटजवळ बसून आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवतो. आपटे मॅडम आमच्या लीड. यवतमाळचा सुमेध त्यांच्या हाताखाली सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आला. आधीच्या दोघांना मॅडमनी प्रोबेशनमध्येच नारळ दिला होता, त्यामुळे गडी कायम टेन्शनमध्ये!

*

पहिल्याच आठवड्यात त्यानं एका साइटच्या चाळीस पानांत तोच फूटर, म्हणजे पानाच्या तळाची पत्ता-फोनची पट्टी, चाळीसदा पेस्ट केला. मॅडमनी पार्शल शिकवला. पानाचा तुकडा एकदाच लिहायचा, हव्या त्या पानात बोलवायचा.

"पण मॅडम, पेस्ट करायला वेळ नाही लागत न!"

"हो का? क्लायंटचा फोन नंबर बदललाय. बसा आता बदलत."

*

मग सुमेधला पार्शलचं वेडच लागलं. डेंटिस्टच्या साइटचा फूटर त्यानं मिठाईवाल्यालाही जोडून टाकला. पेढ्यांच्या फोटोखाली झळकलं, "दात दुखतोय? आजच या!"

मिठाईवाले फोनवर कडाडले. मी घाबरत डेंटिस्टना कळवलं, तर ते म्हणाले, "अहो, राहू द्या की, आमची काही हरकत नाही!"

*

पुढची पाळी हेल्परची. हेल्पर म्हणजे ठरलेलं बारीक काम करून देणारं फंक्शन. सुमेधचा हेल्पर पुरुषांच्या नावाआधी 'श्री.' आणि बायकांच्या नावाआधी 'सौ.' लावायचा. सोसायटीच्या साइटवर झकास चालला, म्हणून त्यानं तोच वधूवर सूचक मंडळाला लावला!

मंडळाच्या काकूंचा फोन आला. "अहो, लग्नं आम्ही जमवतो. तुम्ही परस्पर उरकलीत?"

आम्ही हसून लोळलो, मॅडम हसल्या नाहीत. सुमेधनं त्या दिवशी डबा उघडला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

*

मॅडमना कोडमध्येही पाट्या लावायची सवय. तारखा मराठीत दाखवणारा हेल्पर त्यांचा सगळ्यात लाडका. त्याच्या डोक्यावर लिहिलेलं, "हात लावू नये. शंका असल्यास आपटे यांना विचारावे."

शेवटच्या आठवड्यात सुमेधला नेमकी त्यातच चूक सापडली. लीप वर्षात २९ फेब्रुवारीला तो १ मार्च दाखवायचा. "सांगू का नको?" असं त्यानं मला तीनदा विचारलं आणि शेवटी धीर करून सांगितलं. मॅडम "बघते" एवढंच म्हणाल्या.

प्रोबेशनचा शेवटचा दिवस उजाडला. पत्र नाही, ईमेल नाही. पाच वाजता मॅडम पर्स उचलून घरी गेल्या. सुमेधनं तारखांच्या हेल्परची फाइल उघडली. चूक दुरुस्त झाली होती. वर लिहिलं होतं, "हात लावू नये. शंका असल्यास सुमेध यांना विचारावे."