चकलीतला ओवा

भुतंखेतं, अंगात येणं, स्वप्नात दिसणं... माझा कशावरच विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. लालबागला माझं मसाल्याचं दुकान आहे, दिवसभर मिरची-धण्याशी गाठ, असल्या गोष्टींना वेळ कुठून? तरी एका दिवाळीचं कोडं अजून सुटलेलं नाही. कुणाला सुटलं तर जरूर सांगा.

गिरण्यांच्या संपाला वीसेक वर्षं होऊन गेली होती. परळला हॉस्पिटलजवळ बाहेरगावच्या पेशंटसाठी एक निवास आहे. उपचार चालतील तोवर पेशंट आणि घरचं एक माणूस तिथे राहतं. आम्ही चाळीतल्या बायका दर दिवाळीला तिथे फराळ घेऊन जायचो. त्या वर्षी चकल्या पार्वतीकाकींच्या होत्या. काकी पूर्वी मिलमध्ये वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात; त्यांचे यजमान साचा खात्यात, म्हणजे मागावर, विणकर. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

संध्याकाळी हॉलमध्ये कंदील लावले, हाउजी सुरू झाली. एक गृहस्थ मात्र भिंतीकडे तोंड करून बसलेले. राणे. घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज गेलेला, नाकात नळी.

"उद्या गावाक चललंव," त्यांची बायको म्हणाली. "अजून अर्धे लाईट रवलेत, पण ह्येंका आता कायच नको. सकाळपासून नळीतून पाणी पण घेऊक देनत नाय."

लाईट म्हणजे रेडिएशन.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"पुरे केले तर बरे होतले. अर्ध्यावर सोडले तर..."

मी समजवायला गेले. राण्यांनी हातानेच मला वाटेला लावलं. एवढ्यात ते वळले आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हातवारे करू लागले. भराभर.

"अगो बाय, हे तर साचा खात्यातलं बोलणं!" शेजारी काकी चकल्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. "त्या खडखडाटात कानाला काय ऐकू येणार? सगळे हातानेच बोलायचे. आमचे हे घरीसुद्धा हातानेच भांडायचे."

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तू कसा इथे?... थांब शैला, आता ऐकतायत."

ऐकतायत म्हणजे — रिकाम्या खुर्चीकडे बघत मान हलवतायत. मध्येच खांदे हलवून हसले. मग पुन्हा हात.

"दमलो म्हणतायत," काकी हळूच म्हणाल्या. जरा वेळाने, "बरं, पाळी पुरी करतो, अर्ध्यावर सोडत नाही... असं म्हणतायत."

मग राण्यांनी काकींकडे पाहिलं. त्या दोघांची ओळखही करून दिलेली नव्हती. राण्यांनी एक बोट अर्धं मुडपलं, खुर्चीकडे दाखवलं, मग चकल्यांच्या ताटाकडे, आणि तळहातावर अंगठ्याने काहीतरी चोळल्यासारखं करून मूठ भरून दाखवली.

काकींच्या हातातलं ताट कललं. मी धरलं.

"अर्धं बोट... ह्यांचं बोट साच्यात गेलं होतं. खात्यात ह्यांना त्याच खुणेने हाक मारायचे."

"आणि पुढे?"

काकींनी पदराने डोळे पुसले आणि एकदम करवादल्या, "यंदाही ओवा जास्त पडलाय म्हणे! मेल्यावर तरी नावं ठेवायचं सोडा म्हणावं!"

मी चकली खाऊन पाहिली. ओवा जास्तच होता.

तिकडे राणे नळीवर बोट आपटून बायकोला खुणावत होते — भरव. तिने नळीतून पेज घातली. गावाला जाणं रद्द झालं. लाईट पुरे झाले. पुढच्या दिवाळीत राणे तपासणीला आले ते नळीशिवाय, स्वतःच्या हाताने चहा पीत.

मी चौकशी केली. राणे त्याच मिलमधले, काकींच्या यजमानांच्या शेजारच्या साच्यावरचे. यजमान वारले हे राण्यांना ठाऊकच नव्हतं. सांगितलं तर मानेनेच नाही म्हणाले, खिडकीकडे बोट दाखवून. ठीक, आजाऱ्याला भास झाला असेल. पण ओवा? त्यांनी चकली तोंडातही घातली नव्हती. वास आला म्हणाल, तर वासावरून प्रमाण कळत नाही, हे मसालेवाल्या बाईकडून ऐका.

काकी अजूनही ओवा तेवढाच घालतात. एकदा मी टोकलं.

म्हणाल्या, "कमी केला, तर ते यायचे कशाला?"