सरोजाक्कांची नवी बाहुली

सोलापूरहून निघताना बायको म्हणाली, "लोक चेन्नईला देवळं बघायला जातात. तुम्ही किडे बघायला?" मी शांतपणे सांगितलं, की किडा नव्हे, स्फिंक्स पतंग. कण्हेरीवरचा, हिरवा. दिवस मावळला की तो फुलासमोर अधांतरी थांबतो आणि लांब सोंडेनं मध पितो. ते एकदा तरी डोळ्यांनी पाहायचं होतं. तिनं दशम्या बांधून दिल्या आणि विषय संपवला.

अड्यारला सरोजाक्कांकडे उतरलो. या तंजावरच्या मराठी. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं सोलापुरात आमच्या शेजारी होत्या. "येवा, येवा. आधीं कापी घ्या," म्हणून त्यांनी कॉफीचा पितळी पेला हातात दिला. त्यांच्या अंगणात कण्हेर, तगर आणि मुल्लै (जुई) आहे, म्हणजे पतंगाचं माहेरच. रोज सांजेला मी तिथं उभा राहिलो. डासांनी मला लगेच ओळखलं, पतंगानं काही दर्शन दिलं नाही.

अखेरचा दिवस उजाडला. रात्रीची गाडी होती. नवरात्र असल्यानं घरात गोलू (पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या) सजला होता. दरवर्षी त्यात एक तरी नवी बाहुली हवी, असा रिवाज. यंदा गुडघ्यांमुळे अक्कांना बाजारात जाता आलं नव्हतं आणि ते त्यांच्या मनाला लागलं होतं. सकाळी शेजारच्या कमला मामी कुंकवाला आल्या. त्यांनी पायऱ्या न्याहाळल्या आणि एका जागी थबकल्या.

"पुदु बोम्मैया?" (नवी बाहुली का?)

मातीच्या शेट-शेटाणीच्या मधोमध माझा पतंग बसला होता. हिरव्या पंखांवर गुलाबी-पांढरे पट्टे, जणू रंगारी आत्ताच उठून गेलाय. रात्री दिव्याला भुलून आत आला असणार.

"व्हय," अक्का म्हणाल्या. "कुंभकोणमाहून आणविली."

मामी गेल्यावर मी पुढं सरसावलो. "अक्का, हा माझा पतंग. अंगणात नेऊन सोडतो."

"आतां माझी बाहुली ती. हात नक्को लावा. गोलूवरचें मधेंच हलवीत नाहींत. मामी सांजेस सुनांस घेऊन येते बघायला."

"पण हा दिवसभर दगडासारखा बसतो आणि सांजेला उडतो."

तो उडाला नाही, तर मी हात हलवत परत. उडाला, तर अक्कांची अब्रू जाणार. दिवसभर आम्ही दोघं एकाच पतंगासमोर उलटसुलट नवस बोलत होतो.

सांजेला मामी आल्या, सुना आल्या, सुंडल (खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ) वाटलं गेलं. गोलूसमोर आलेल्यानं गायचं असतं. सुनांनी गोड गायलं. मग मामींनी माझ्याकडे बोट केलं. माझा गळा सोलापुरात प्रसिद्ध आहे, म्हणून तिथं मला कुणी गायला सांगत नाही. तरी डोळे मिटून शाळेतली प्रार्थना सुरू केली.

दुसऱ्या ओळीला एक सून किंचाळली. पतंगाचे पंख थरथरत होते. अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही, म्हणून तो आधी असा कापतो, हे मला ठाऊक होतं. मामी मात्र माझ्याकडे बघत होत्या. मग तो उठला, शेटाणीच्या डोक्यावरून सूं करत खिडकीबाहेर गेला.

अक्कांनी पदर सावरला.

"किल्लीची आहे," त्या म्हणाल्या.

मी सुंडलाचा द्रोण घेऊनच अंगणात धावलो. मुल्लैसमोर तो हवेत खिळला होता, सोंड फुलात, पंख दिसतही नव्हते. मला रडू आलं. द्रोण कधी उपडा झाला, कळलं नाही. आतून मामींचा आवाज येत होता. किल्ली कुठं असते, ते विचारत होत्या.

घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "तुमच्या गाण्यानं किडासुद्धा उठून गेला." त्यानंतर नकोसे पाहुणे फार वेळ बसले, की ती मला गायला सांगते.

काही दिवसांनी अक्कांचा फोन आला. पतंगानं जाता जाता तगरीवर अंडी घातली होती. "शेंपटीस शिंग, निळे डोळे, अशा अळ्या. अस्की (सगळी) तगर खाल्ली. देवास फूल नाहीं."

"मग काढून टाकल्या?"

"कशाला? पुढल्या वर्षीच्या बाहुल्या त्या."

त्या बाहुल्या महिनाभरातच उडून जाणार होत्या. एवढं शास्त्र मला येतं, पण ते मी अक्कांना सांगितलं नाही. पुढच्या नवरात्राचं तिकीट मात्र काढून ठेवलं आहे, आणि या खेपेला कुंभकोणमाहून एक मातीची बाहुली घेऊन जाणार आहे.