व्याह्यांच्या आहेरातला गोळ्यांचा साचा

आता कुठून सुरुवात करू? बसा, चहा गार होऊ देऊ नका. माणूस आयुष्यात कधी ना कधी माती खातोच. पण मी खाल्लेली माती थेट न्यूझीलंडपर्यंत पोचली, आणि तीही व्याह्यांच्या दारात!

तुम्हाला ठाऊकच आहे, आमची सई एकुलती एक. सिंगापुरात, क्लेमेंटीच्या याच फ्लॅटमध्ये वाढली. खाली उतरलं की खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर, चार पावलांवर एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो. आणि पोरीने नवरा कुठला शोधला? तर न्यूझीलंडच्या डोंगरातला, मेंढ्यांच्या फार्मवरचा! जावई बेन सोन्यासारखा आहे, त्यात वाद नाही. पण घरापासून पहिलं दुकान पाऊण तासावर, आणि मराठी बोलणारं माणूस तर औषधालाही नाही.

मला एकच काळजी. तिथे हिला कोण जीव लावणार? मनाशी म्हटलं, पोरीचा त्या घरात मान राहायचा असेल, तर आधी आपण त्यांचा मान राखला पाहिजे. बाकी काही सुचतच नव्हतं.

लग्न सिंगापुरातच ठरलं. आमच्या हिने, नीलिमाने, विहीणबाई हेलनसाठी पैठणी घेतली. पण व्याह्यांना काय द्यायचं? डगराव म्हणजे सहा फुटी माणूस, दिवसाला बोलणार मोजून दहा शब्द. शाल-नारळ ठीक आहे हो, पण मनापासूनचं काहीतरी हवं ना?

सईने सुचवलं, "बाबा, फार्मवर रानटी बोकड फार झालेत. त्यांना मारायला डगची रायफल आहे, सहा गोळ्यांची, दांडा ओढून पुढची गोळी चढवायची, लिव्हरवाली. तिच्या गोळ्या ते घरी ओततात, शिसं वितळवून. त्यांचा साचा जुना झालाय."

झालं! पंचवीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस मी. धातू, ओतकाम, मापं, हा तर माझा प्रांत!

"पण कुठला हवा ते त्यांना विचारा हं," सई म्हणाली.

"अगं, आहेर काय विचारून देतात? उद्या म्हणशील, पैठणीचा रंगही विचारा!"

"मी विचारलाय," स्वयंपाकघरातून नीलिमाचा आवाज आला.

मी काही विचारलं नाही. सहा आठवडे, सांगतो तुम्हाला, सहा आठवडे मी साच्यांचा अभ्यास केला! पितळी घ्यावा की लोखंडी? एका वेळी दोन गोळ्या पडणारा की चार? गोळीचं वजन किती? लॅपटॉपवर तक्ता केला. एमआरटीमध्ये फोनवर गोळ्यांचे फोटो मोठे करकरून बघायचो. एकदा शेजारच्या आंटीने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्याच स्टेशनला उठून दुसऱ्या डब्यात गेली.

"अहो, लग्न पोरीचं आहे. शिकारीला नाही निघालोय आपण," नीलिमा रोज म्हणायची.

शेवटी दोन साचे उरले. एकातून पडायची चपट्या तोंडाची बुटकी गोळी, जणू कुणी हातोड्याने नाक ठेचलंय. दुसऱ्यातून टोकदार, निमुळती, देखणी! आता तुम्हीच सांगा, व्याह्यांना ठेचलेलं नाक द्यायचं? शिवाय टोकदार गोळीला हवा कमी अडवते, हे मी कॉलेजात शिकलोय. टोकदारच घेतला.

ती वस्तू सिंगापुरात आणायची माझी काय छाती! इथले बंदुकीचे कायदे इतके कडक, की असल्या गोष्टीचं नाव काढायचीही भीती. म्हणून साचा ऑनलाइन दुकानातून परस्पर त्यांच्या फार्मवर पाठवला आणि इथे त्याचा नि गोळीचा रंगीत फोटो छापून घेतला.

व्याहीभेटीला फेटे बांधून आम्ही दोघं समोरासमोर उभे. मिठी झाली, शाल झाली, आणि मी हळद-कुंकू लावलेला फोटो ताटातून पुढे केला. डगरावांनी फोटो पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. कान लाल झाले त्यांचे. हेलनबाईंनी वाकून बघितलं आणि तोंडावर पैठणीचा पदर धरला. मला वाटलं, गहिवरल्या!

"फार सुंदर काम आहे," डगराव म्हणाले. बोलले इंग्रजीत, मी मराठीत सांगतोय.

मला तेवढं पुरे होतं. मी माइक घेतला आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांना गोळीच्या टोकाचं महत्त्व समजावून सांगितलं. समोरून बेन हाताने खुणा करत होता. मला वाटलं फेटा घसरलाय. तो नीट केला आणि आणखी पाच मिनिटं बोललो.

सई सासरी गेली. दर रविवारी व्हिडिओ कॉल. माझा पहिला प्रश्न ठरलेला, "डगराव, साचा कसा आहे?"

"फार सुंदर."

"आणि गोळी कशी जाते?"

"पाऊस आहे इथे."

चार महिने त्या फार्मवर फक्त रविवारी पाऊस पडत होता! शेवटी एकदा त्यांच्या मागे खिडकीत लख्ख ऊन दिसलं. मी म्हटलं, "आज होऊन जाऊ दे! भरा सहाच्या सहा गोळ्या, मला बघायचंय!"

"बाबा, नको लाह!" सई तिच्या सिंगापुरी ढंगात ओरडली. डगराव बिचारे उठायला लागले, तशी हेलनबाईंनी त्यांची बाही धरली. "नाही! बास झालं! सई, सांग तुझ्या वडिलांना!"

सईने सांगितलं. "बाबा, त्या रायफलीत गोळ्या एका नळीत ओळीने बसतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या गोळीच्या बुडाला टेकतं. आणि बुडातच ती पेटायची टिकली असते, दिवाळीतल्या टिकलीसारखी. टोकदार गोळ्या भरल्या आणि धक्का बसला, तर हातातच स्फोट! म्हणून तिथे चपटीच लागते."

मी मटकन खाली बसलो. म्हणजे बसलेलोच होतो, आणखी खाली बसलो.

"अहो," नीलिमा म्हणाली, "म्हणजे पोरीच्या सासऱ्यांना तुम्ही आहेरात सुरुंग दिलात?"

नंतर पाहिलं, तर दुकानाच्या पानावर खाली लाल अक्षरांत हेच लिहिलं होतं. आणि पंचवीस वर्षं जहाजावर मी पोरांच्या कानीकपाळी ओरडलोय, आधी सूचना वाचा रे गाढवांनो!

"डगराव," मी म्हटलं, "इतके महिने बोलला का नाहीत?"

त्यावर तो माणूस आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण बोलला. "सई म्हणाली, तुम्ही सहा आठवडे अभ्यास केलात. माझ्यासाठी इतकं कुणी कधी केलं नव्हतं. मग कसं सांगू?"

"चुकलं माझं. उद्याच दुसरा पाठवतो, चपट्या गोळीचा!"

"नको. मी सोय केली आहे." ते आत जाऊन एक जुनाट रायफल घेऊन आले. "शेजाऱ्याकडून विकत घेतली. हिच्यात एका वेळी एकच गोळी बसते. ओळच नाही, तर टोक टेकणार कशाला? म्हटलं हिची सवय झाली, की मग तुम्हाला दाखवू."

ऐकलंत? माझ्या साच्यासाठी त्या माणसाने रायफल घेतली! सहा गोळ्यांची घरात असताना एकेक गोळी भरत बसायची तयारी! आणि मी काळजी करत होतो, पोरीला तिथे कोण जीव लावणार म्हणून. अहो, ज्या घरात व्याह्याची घोडचूकसुद्धा इतकी जपतात, तिथे माझ्या पोरीला काय कमी पडणार? माझे डोळे भरून आले. नीलिमाने गुपचूप रुमाल दिला.

तेवढ्यात डगराव लाजत लाजत म्हणाले, "आम्ही लग्नात दिलेला स्वेटर बसला का तुम्हाला?"

आता या स्वेटरचं काय सांगू! हेलनबाईंनी घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचा अख्खा हिवाळाभर विणलेला. घोंगडीएवढा जाड. सिंगापुरात! एकदा अंगात घातला, पाठभर घामोळं उठलं. आठवड्याच्या आत मी तो आमच्या राजेशला देऊन टाकला होता, आमच्या कंपनीचा ज्युनियर इंजिनियर, जहाजावर युरोपच्या थंडीत निघालेला.

तोंडातून निघून गेलं, "रोज घालतो!"

"रोज? सिंगापुरात?"

"एसी! ऑफिसात एसी फार असतो हो!"

हेलनबाईंचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "मग पुढच्या रविवारी घालून बसा. आम्हाला बघायचाय!"

फोन ठेवला. नीलिमा शांतपणे म्हणाली, "त्यांनी तुमच्या साच्यासाठी रायफल घेतली. तुम्हाला त्यांच्या स्वेटरसाठी कपाटात एक कप्पा देता आला नाही."

मी तडक राजेशला फोन लावला, तर तो स्वेटरसकट रॉटरडॅमच्या बंदरात! आज गुरुवार. हसताय काय? तुमच्या ओळखीचं कुणी रविवारच्या आत रॉटरडॅमहून येतंय का, तेवढं सांगा!